नागनाथमामांची शेड

नागनाथमामांच्या शेडमध्ये शिरायचं तर मनगटावरचं घड्याळ काढून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवावं लागे. चपला घालून आत गेलेलं चाले, घड्याळ घालून नाही. कुणी कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येई, "घाई आहे का? मग बाजारातून आण."

शेड हैदराबादेत, विद्यानगरला, मामांच्या घरामागे होती. मामा रेल्वेच्या वर्कशॉपमधले सुतार. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली सगळी हत्यारं तिथं मांडली आणि गल्लीत सांगून टाकलं, की ज्याला लाकडाचं काही करायचं असेल त्यानं खुशाल यावं. अट एकच. आपण पाडलेला भुसा आपण झाडायचा. ते नक्की कुणाचे मामा होते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तेलुगू शेजारीपाजारीसुद्धा त्यांना मामाच म्हणत.

प्लायवूडला ते पापड म्हणत. त्या वर्षांत बाजारात चकचकीत फर्निचर येऊ लागलं होतं. शेजाऱ्यांनी नवं कपाट आणलं की मामा मुद्दाम बघायला जात, बोटानं टकटक करत आणि गंभीर चेहऱ्यानं सांगत, "छान आहे. पावसाळ्याच्या आत तळून घ्या."

देशात सगळं खुलं होत होतं, त्याच सुमाराला आमचा रेडिओचा कारखाना बंद पडला. कागदावर 'स्वेच्छानिवृत्ती' असं लिहिलं होतं. स्वेच्छा कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं. मी सत्तेचाळीस वर्षांचा. दोन महिने घरी बसून मी बायकोच्या फोडणीत चुका काढल्या. शेवटी शैलाच म्हणाली, "अहो, वरच्या फळीवर माझा हात पोचत नाही. मामांकडे जाऊन एक स्टूल तरी करून आणा."

गेलो. मामांनी माझ्या हातात एक पटाशी आणि धार लावायचा दगड दिला. पंधरा दिवस मी तेवढंच करत होतो.

"धार आली का?"

"आली, मामा."

"तुला आली. आता पटाशीला येऊ दे."

मग कुठं सागाचं लाकूड हाताला लागलं. मी चार पाय घडवले, खोबणी पाडल्या. खिळ्याचं नाव काढायची सोय नव्हती. खिळा म्हणजे लाकडावर जबरदस्ती, असं मामांचं मत. दीड महिन्यानं एकदाचं माझं स्टूल उभं राहिलं. पलीकडच्या गल्लीतून देव्हारा करायला येणाऱ्या सरोजम्मांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मामांनी स्टुलावर तळहात ठेवून दाबलं. टुक्.

"हलायलंय," मामा म्हणाले.

एक पाय किंचित आखूड होता. मी उरलेल्या तिन्ही पायांना रंदा लावला. स्टूल स्थिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर, टुक्!

"हैदराबादची हवा आहे, सुधाकर," मामा म्हणाले. "लाकूड रातोरात सरकतं. परेशान होऊ नक्को. पुन्हा लाव रंदा."

असे आठवड्यामागून आठवडे गेले. गुडघ्याएवढं स्टूल नडगीपर्यंत आलं. शैला विचारायची, "स्टूल म्हणाले होते ना मी? पाट करायलात का?" पण मी रोज आंघोळ करून, डबा घेऊन, दहाच्या आत घरातून निघत होतो. फोडणीबद्दल बोलणं तर कधीच थांबलं होतं.

एका दुपारी लवकर निघालो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, चष्मा शेडमध्येच राहिला. परत गेलो. आत मामा एकटेच होते. माझं स्टूल उलटं करून त्यांनी गुडघ्यांत धरलं होतं आणि एका पायावर अगदी हलक्या हातानं रंदा फिरवत होते. कागदासारखी पातळ साल निघत होती.

"मामा!"

त्यांनी वर पाहिलं. "दार वाजवून यायची पद्धत नाही का?"

"म्हणजे रोज तुम्हीच?"

"रोज कुठं? रविवारी सुट्टी असते."

मला राग आला. "मला येडा समजलात का, मामा? दोन महिने मी हवेला दोष देतोय!"

मामांनी रंदा आडवा ठेवला. "बस. पहिल्या दिवशी सगळे मला विचारतात, किती दिवसांत होईल? तू विचारलंस, शेड किती वाजता उघडते आणि किती वाजता बंद होते. तेव्हाच मला कळलं, याला स्टूल नको आहे."

मी बसलो.

"रिटायर झाल्यावर मीसुद्धा तीन महिने डबा घेऊन निघत होतो," ते म्हणाले. "सिकंदराबाद स्टेशनवर जायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळी परत. घरी सांगितलं होतं, साहेबानं पुन्हा बोलावलंय म्हणून. एक दिवस तुझ्या मामीनं डब्याबरोबर या शेडची किल्ली दिली. इथं तिचं जळण असायचं. सगळं काढून, झाडून ठेवलं होतं. बोलली काही नाही. मरेपर्यंत बोलली नाही."

मी स्टूल उचललं आणि उरलेल्या तिन्ही पायांना रंदा लावला.

पुढं काही महिन्यांनी सिकंदराबादच्या एका दुकानात मला रंगीत टीव्ही दुरुस्त करायचं काम मिळालं. मुलाखतीत मी मान वर करून बोललो. नुसता घरी बसून राहिलो असतो तर तसं बोललो नसतो. ते मामांचे उपकार.

बातमी सांगायला गेलो, तर मामांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. मग वळले आणि नीट लावलेल्याच करवती पुन्हा लावत बसले. सरोजम्मांचा देव्हारा होऊन गेला होता. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"चल, तुझं सामान घेऊन जा," असं म्हणत त्यांनी स्टूल माझ्यापुढं ठेवलं आणि तळहातानं दाबून दाखवलं. "झालं. चारही पाय एक."

मी खाली वाकलो. चारही कोपरे दाबून पाहिले. स्टूल दगडासारखं स्थिर होतं.

"मामा, हलायलंय," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. पुन्हा एकदा तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हौ," ते म्हणाले. "थोडं हलायलंय खरं. रविवारी ये."