दातांच्या दवाखान्याची विलायती पाटी

कृष्णकांतनं विलायती रॉक बँडच्या एल.पी. रेकॉर्डचं कव्हर गुडघ्यावर उभं धरलं आणि त्यावर बोट फिरवत दोस्ताला समजावायला सुरुवात केली, "पाह्य बे गोविंदा. हे झाड नाही, माणसाचा मेंदू आहे. अन् हे अक्षरं मेणासारखे वितळून राहिले ना, म्हणजे समाज वितळून राहिला."

"पण बँडचं नाव काय?"

"वाचायचं नसते ते! फील करायचं असते."

खरं सांगायचं तर डोळे फाडूनही त्याला ते नाव वाचता आलं नव्हतं. गाणी ऐकायचा तर प्रश्नच नाही, एल.पी. लंडनहून आणणाऱ्या मित्रानं रेकॉर्ड स्वतःकडे ठेवून कव्हर तेवढं उसनं दिलं होतं. पण चौऱ्याहत्तर सालच्या नागपुरात कव्हरवर एवढं बोलणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून कृष्णकांत जाणकार ठरला. निदान स्वतःच्या मते.

तेवढ्यात त्याच्या मामांनी, डॉक्टर रुपरावांनी, धंतोलीत दातांचा दवाखाना काढला. कृष्णकांतला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं, वडिलांना तो नरखेडला संत्र्याच्या बागेत हवा होता, आणि वडील ऐकत ते फक्त मामांचं.

"दवाखान्याची पाटी तू रंगव," मामा म्हणाले. "चांगली झाली त भाऊजीले मी सांगतो."

मग काय! केशरी आभाळ, त्यावर जांभळी अक्षरं. 'दा'चा काना ओघळत खाली आला, 'त' वाकून शेजारच्या पोटात शिरला, 'रु'चा उकार धुरासारखा वर गेला. अनुस्वार तर त्यानं पार कोपऱ्यात नेऊन ठेवला, एकटेपणा दाखवायला.

उद्घाटनाला मामा पाटीखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले. "हे का होय?"

"ठणका आहे, मामाजी. दात दुखला का माणसाले असंच दिसते."

मुहूर्त टळत होता, पाहुणे ताटकळले होते. पाटी लागली.

आठवडा गेला, एक पेशंट नाही. "लोकं हळूहळू समजून राहिले," कृष्णकांत म्हणाला. मग एकदाच्या सुजलेला गाल घेऊन बायजाबाई आल्या, मुलासोबत. पाटीसमोर थबकल्या. डोळे चोळले, पदरानं पुसले, मान तिरपी केली आणि एकदम मुलाचा हात धरला.

"बापू, मले अक्षरं हालताना दिसून राहिले गा! दाताचं राहू दे, आधी डोळे दाखव."

"माय, मले बी तसंच दिसून राहिलं वं!"

समोरच डोळ्यांच्या डॉक्टरांचा, महादेवरावांचा, दवाखाना होता. मायलेक रस्ता ओलांडून तिकडे गेले.

मग हे रोजचंच झालं. महादेवरावांकडे बाकं पुरेनात; इकडे मामा पेशंटच्या खुर्चीत स्वतःच आडवे होऊन पेपर वाचायचे. गोविंदा येऊन गंभीरपणे म्हणाला, "फील करूनच जाऊन राहिले बे समोर." कृष्णकांत त्याला पाटी वाचून दाखवायला गेला, तर आता त्यालाच तिच्यावर मामांचं नाव सापडेना.

शेवटी महादेवराव स्वतः संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, पाटीले हात नका लावजा. लय सुंदर आहे!"

मामांनी बर्फी घेतली, खाल्ली नाही.

रविवारी त्यांनी कृष्णकांतच्या वडिलांना बोलावून घेतलं. कृष्णकांत दाराआड उभा. डोळ्यांसमोर बाग, पंप आणि जन्मभराची संत्री.

"भाऊजी," मामा म्हणाले, "याले चित्रकलेलेच घाला."

कृष्णकांत धावतच आत आला. "मामाजी! म्हणजे तुमाले पाटी समजली!"

"नाही समजली. पण तिथं पहिल्या वर्षाले सरळ अक्षरं काढाले शिकवते म्हणतेत." मामा वडिलांकडे वळले. "अन् बागेत घातला त संत्र्याच्या पेट्यांवर गावाचे नावं हाच लिहीन. माल भलत्याच गावाले उतरन, पाहा तुमी."

इतकी वर्षं नाही म्हणणारे वडील ताडकन उठले. मग घाईघाईनं चपला शोधत म्हणाले, "कॉलेज आज उघडं असते का गा?"