सेलवर चालणारी आठवण

धनेशने ठरवले ते इतकेच, की भाऊबीजेच्या आधी बायकोच्या गेमच्या कॅसेटमधला सेल बदलून ठेवावा. निर्णय लहान होता आणि (त्याच्या मते) पुरेशा विचारांती घेतलेला होता.

तो जुना व्हिडिओ गेम हर्षदाने पोशेऱ्याहून, माहेरातून जव्हारला आणला होता. लहानपणी भाऊ संदीपने तिच्या हाती कधी रिमोट लागू दिला नव्हता. आता ती शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोहोचली होती आणि संदीपला ते खरे वाटत नव्हते.

"तुझी कॅसेट सेलवर जगते, हर्षे. माझी नवी, फ्लॅशची. सेल नको, काही नको, तरी विसरत नाही," तो खोडाळ्याहून फोनवर म्हणाला. "भाऊबीजेला किल्ला दाखव, हीच ओवाळणीत घालतो."

धनेश इलेक्ट्रॉनिक्सचा एम.एस्सी. सेल मरणपंथाला लागल्याचे त्याने मीटर लावून पाहिले. तो काढताच खेळ पुसला जाईल, हेही त्यास ठाऊक होते. सबब गेम चालू ठेवूनच सेल काढायचा. तेवढ्यापुरती चिपला गेममधून वीज मिळत राहील.

"आणि लाइट गेली तर?" हर्षदाने विचारले.

"इन्व्हर्टर आहे," धनेश म्हणाला. (सावध माणसाला असे प्रश्न आवडतात.)

त्याने जुना सेल सोडवला. बाहेर ढग गडगडला. दिवे लुकलुकून सावरले आणि मग स्क्रीन काळी झाली.

सणासाठी आलेल्या सासूबाई समाधानाने आत आल्या. "ईज कडकडली, म्हून मेन स्विच पाडला. तरी तो कोपऱ्यातला डबा पीं पीं करत व्हता, त्याचंबी बटण दाबलं. तुमचा खेळ जळला असता ना, जावई."

विजेपासूनच्या संरक्षणाचा हा उपाय निर्दोष होता. धनेशने सुन्नपणे कॅसेटचे स्क्रू आवळले. वीज आल्यावर गेमने हर्षदाला अनोळखी माणसासारखे नाव विचारले.

भाऊबीजेला संदीप आला. "विसरली ना?"

"कॅसेट विसरली. मी नाही," म्हणत हर्षदा पदर खोचून पहिल्यापासून खेळायला बसली. संदीपचे हसू अर्ध्यावर थांबले, चहा पुरता निवला, आणि शेवटचा किल्ला त्याच्या डोळ्यांदेखत पडला.

"घे बाई," त्याने नवी कॅसेट ताटात ठेवली. "पण तुझ्या जुनीच्या हे ध्यानात राहील का?"

"राहणारच," धनेश प्रथमच आत्मविश्वासाने बोलला. "नवा सेल आहे, मेहुणे." त्याने गेम बंद करून पुन्हा लावला.

गेमने नाव विचारले.

वायर सैल असावी, म्हणून तो टीव्हीमागे वाकला. तिथे नवा सेल होता, पाकिटासकट.

"हर्षे," सासूबाईंनी काळजीने विचारले, "जावयाला कोणता सेल बसतो गं?"