बसायची सोय

महिला सायकलिंग संघ आणि सायकलच्या सीट बनवणारी कंपनी यांच्या भागीदारीला दहा वर्षं झाली, त्याचा समारंभ होता. संघाच्या कॅप्टनसाठी पहिल्या रांगेत मऊ खुर्ची राखून ठेवली होती. ती मात्र शेवटपर्यंत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कंपनीच्या भागीदारी-प्रमुखांनी भाषणात याचा गौरवाने उल्लेख केला. “केवढा हा विनय!” टाळ्या झाल्या. विनयाचा काही संबंध नव्हता. आदल्या दिवशी कॅप्टनने कंपनीच्या सीटवर घाटापर्यंत सराव केला होता आणि आता तिला बसता येत नव्हतं.

सीट मुळात पुरुषांच्या मापाने बेतलेली. महिलांसाठी खास म्हणून कंपनीने ती जांभळी केली. मुलींनी कुरकुर केली, तेव्हा फिकट जांभळी केली. पुढे तक्रार आली की रंग बदलायचा अशी पद्धतच पडून गेली, आणि आता कंपनीकडचे रंग संपत आले होते.

समारंभ उरकल्यावर कॅप्टनने प्रमुखांना व्यासपीठामागच्या खोलीत गाठलं.

“साहेब, सीट टोचते.”

“कुठे?”

तिने सांगितलं. प्रमुख ताबडतोब फुलदाणी न्याहाळू लागले.

“हे असं एकदम बोलू नये हो. आधी कल्पना द्यायची.”

“इतकी वर्षं सांगतेच आहे की!”

“बघा! एवढा प्रदीर्घ संवाद आज कुठल्या कंपनीत राहिलाय?”

तरी कंपनी संवेदनशील होती. तिने ‘महिला आसनसुविधा अभ्यासगट’ नेमला. विषय नाजूक, बायकांसमोर मोकळेपणाने बोलता येणार नाही, म्हणून गटात एकही बाई घेतली नाही. गटाने गुबगुबीत खुर्च्यांत रेलून सखोल विचार केला आणि निष्कर्ष काढला: आसन निर्दोष असून दोष आसनस्थ व्यक्तीच्या रचनेत आढळतो, सदर रचनेत सुधारणा करणे कंपनीच्या कार्यकक्षेबाहेर आहे.

कॅप्टनने प्रशिक्षकबाईंकडे धाव घेतली. बाई स्वतः एकेकाळी याच संघातून शर्यतींत उतरलेल्या. बैठका त्या अजूनही उभ्यानेच घ्यायच्या.

“अगं, सगळ्याच सोसतात. सवय होते,” बाई म्हणाल्या. “आणि भागीदारी तुटली तर कंपनीने दिलेल्या सायकली परत जातील. धाकटीचं काय करशील?”

धाकटी म्हणजे संघातली सगळ्यात लहान मुलगी. तिच्याकडे स्वतःची सायकल नव्हती आणि चढावर तिला गाठेल असं कुणी नव्हतं. कॅप्टन मूग गिळून गप्प बसली. म्हणजे, गप्प उभी राहिली.

अजिंक्यपद शर्यतीच्या सकाळी कपडे बदलताना धाकटीच्या चड्डीवर रक्त दिसलं. “काही नाही गं ताई, जखम पुन्हा उघडली,” ती म्हणाली आणि हसली. ते हसू कॅप्टनला सहन झालं नाही. तिने सगळ्या मुलींना गोळा केलं.

“आज कुणी बूड टेकायचं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभ्यानेच पायडल मारायचं. बघू दे जगाला, यांच्या सीटवर माणसाला बसता येत नाही ते!”

मुलींनी अक्षरशः तसं केलं. मांड्या पेटल्या, पोटऱ्यांत गोळे आले, दोघी वाटेतच कोलमडल्या. पण सीटचा राग पायांत उतरला की काय कोण जाणे, धाकटी पहिली आली आणि कॅप्टन दुसरी. माइक पुढे येताच कॅप्टनने संधी साधली. धापा टाकत ती म्हणाली, “आम्ही जिंकलो, कारण या सीटवर आम्हाला बसवतच नव्हतं!”

दुसऱ्या दिवशी चौकाचौकात तिचा घामाने निथळणारा चेहरा लागला. खाली तिचंच वाक्य, ठळक अक्षरांत, आणि त्याखाली सीट. कंपनी म्हणत होती: ‘जी स्त्रीला बसू देत नाही.’

सीटवर उड्या पडल्या. तेव्हा कंपनीने पुढचा विचार केला. बसू न देणं हाच सीटचा गुण असेल, तर सीट हवी कशाला? लवकरच ‘आसनमुक्त’ ही महिलांची सायकल बाजारात आली. सीटच्या जागी दांड्यावर कंपनीचं बोधचिन्ह होतं. त्याला टोक होतं.

“हिच्यावर मी बसणार नाही,” कॅप्टन म्हणाली.

“नाहीच बसायचंय!” प्रमुख आनंदाने म्हणाले. “आता कुठे तुमच्या लक्षात आलं.”

पुढच्या शर्यतीला ती साध्या, रुंद, काळ्या सीटची स्वतःची सायकल घेऊन आली. भागीदारीचा भंग झाला म्हणून तिला सुरुवातीच्या रेषेवरूनच परत पाठवलं. धाकटी वळून वळून तिच्याकडे बघत होती. शिटी वाजली आणि तिला जावं लागलं. उभ्यानेच.

कॅप्टन मामाच्या सायकलच्या दुकानात काम करू लागली. एका संध्याकाळी एक गृहस्थ शाळकरी लेकीला घेऊन आले. त्यांनी थेट ‘आसनमुक्त’वर बोट ठेवलं.

“काका, हिला सीट नाहीये,” कॅप्टन म्हणाली.

“माहितेय. छान सवय लागेल.”

“पण ही बसणार कुठे?”

“हिला कुठे बसायचंय?” गृहस्थांना प्रश्नच कळला नाही. “शाळा, क्लास, घरी आली की आईला मदत. बसायला वेळ कुठाय पोरीला?” आणि बोलता बोलता त्यांनी दुकानातलं एकुलतं एक स्टूल ओढून घेतलं.

मुलगी त्यांच्याशेजारी उभी होती. कॅप्टनने तिच्यापुढे काळ्या सीटची सायकल आणली. मुलगी चढली, बसली, आणि तिचे खांदे एकदम सैल पडले.

“छे, ही नको,” गृहस्थ म्हणाले. “हिच्यावर ती अगदीच आरामात बसलीय.”

असल्या बापाचा तुम्हाला राग येणं साहजिक आहे. तो शांतपणे येऊ द्या. तुम्ही हे वाचायला निवांत बसला असालच. तेव्हा आता जरा मान वळवून घरात बघा, या घटकेला कोण उभं आहे ते.