बिनहॉर्नची गाडी

व्हिडिओ गेम खेळताना गाडीबाहेर हात काढून इशारा देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आता गाडी म्हणजे काय, तर लाल रेक्झिनची एक सीट, पुढे स्टिअरिंग, पायाशी दोन पेडल आणि समोर रंगीत काच. पण पडद्यावरचा रस्ता डावीकडे वळायला लागला, की डायवर काकाजी उजवा हात बाहेर काढून असा गोल फिरवायचे, की शेजारच्या मशीनवर विमानं पाडत बसलेल्या कॉलेजकुमाराचा चष्माच खाली पडायचा. वर त्यालाच दम, "मागून येता आन् इशारा पाहत नाही? लायसन कोणी देल्लं गा तुले?"

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धंतोलीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आमच्या ह्यांनी व्हिडिओ गेम पार्लर काढलं होतं. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने. पेशंटचे नातेवाईक वेळ काढायला यायचे, शाळा-कॉलेजची पोरं तास चुकवून यायची. काउंटरवर मी. नुकताच बॉबकट करून घेतला होता आणि घरातल्या घरात काळा गॉगल लावून बसायची. टोकनांच्या डब्याशेजारी माझी एक पितळी घंटी होती, शाळेच्या हेडमास्तरांच्या टेबलावर असते तशी. कोणाचाही खेळ संपला की मी ती टणकन वाजवायची आणि "गेम ओव्हर!" असं इंग्रजीत ओरडायची. एकविसावं शतक नागपुरात येणार ते माझ्याकडून टोकन घेऊनच, अशी माझी समजूत होती.

काकाजी आमच्याच गल्लीत मुलाकडे राहायचे. सगळी हयात एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते, नागपूरहून सावनेर आणि तिथून पुढे. रिटायर झाल्यावर दुपारी कोणी नसेल अशा वेळी पार्लरमध्ये येत. खाकी शर्ट, डोक्याला भिजवलेलं उपरणं. आधी मशीनला एक चक्कर मारायचे. जिथे टायर असायला हवं तिथे बुटानं हळूच ठोकायचे. मग सीटवर बसून स्टिअरिंगला नमस्कार. एकदा तर त्यांनी मशीनला लिंबू-मिरची बांधली आणि माझ्या एकविसाव्या शतकाची पार शोभा करून टाकली.

टोकन टाकलं की म्हणायचे, "दे वं सूनबाई, डबल बेल दे. त्याशिवाय गाडी हालत नसते."

एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हा कंडक्टरचा कायदा त्यांनीच मला शिकवला. मी नाक मुरडत टण-टण वाजवायची. तोवर पडद्यावरचं घड्याळ धावायलाही लागलेलं असायचं.

"पाहा! बेलच्या आधी टाइम चालू! कंपनीले कळवा."

"कंपनीले कळवा" हे त्यांचं पालुपद. कंपनी कोणती, कुठली, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. मशीनच्या मागच्या पत्र्यावर चिनी की जपानी अक्षरं होती, तेवढाच तिचा पत्ता. पण काकाजींच्या तक्रारी चालूच. ह्या गेमात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची असायची. काकाजी इमानदारीनं डावीकडून चालवायचे आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला धडकायचे. "उलट्या बाजूनं चालवायले शिकवून राहिले पोरायले! उद्या सीताबर्डीवर काय होईन?" दुसरी तक्रार, सगळा रस्ता जातो पण कुठेच स्टॉप नाही. "पॅसिंजर उतरन कुठी?"

आणि सगळ्यात मोठी तक्रार हॉर्नची. गाडीला हॉर्नच नव्हता.

"ब्रेक एखादे टायमी नसला तं चालते," काकाजी म्हणायचे, "पण बिनहॉर्नची गाडी? हे कंपनीवाले कधी घराबाहेर निंगाले काय?"

आज माझी नात मोबाइलवर गेम खेळते आणि कंपनीनं काहीतरी बदललं की दोन दिवस जेवणावर राग काढते. मला हसू येतं. मी म्हणते, बाई, तू आत्ता चिडते आहेस, हे चिडणं आमच्या गल्लीत केव्हाच होऊन गेलं.

काकाजींच्या खेळात आणखी एक गंमत होती. डोंगर उतरला की रस्त्याला एक वळण यायचं, आणि त्या वळणावर एक घर. लाल कौलं, पुढे ओसरी, आणि खिडकीत पिवळा उजेड. बाकीची पोरं तिथून सुसाट निघून जायची; त्यांना घर आहे हेही माहीत नसावं. काकाजी मात्र तिथे आले की पेडलवरचा पाय काढून घ्यायचे. गाडी मंदावायची. घड्याळातली वेळ संपायची. टण! "गेम ओव्हर!" मी आनंदानं ओरडायची.

"अहो काकाजी, इथे स्पीड वाढवायचा असतो," मी एकदा गॉगल कपाळावर सरकवून त्यांना समजावलं. आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेली मी. "पुढे समुद्र आहे, पूल आहे. तुम्ही ह्या घराच्या पुढे कधी जातच नाही."

"समुद्राले काय करू?" ते म्हणाले. "हे कंपनी येथी थांबू काहून देत नाही? दोन मिनिटं. त्याहीच्या बापाचं काय जाते?"

मला वाटलं, म्हातारा हरतो आणि कंपनीला शिव्या घालतो.

मग त्या उन्हाळ्यात मशीन पुरवणारा मुंबईचा एजंट आला. वाळ्याच्या कूलरपुढे शर्टाची दोन बटणं सोडून बसला आणि ह्यांना म्हणाला, "भाईसाब, उद्या तुमची गाडी बदलून देतो. कंपनीनं नवीन मॉडेल काढलंय. डबल स्पीड. आणि हॉर्न पण आहे!"

काकाजी तिथेच होते. टाळी वाजवून उठले. "आयकलं! शेवटी आयकलं गा कंपनीनं!" माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कळवलं होतं न सूनबाई? मले वाटे, तू नुसतीच हो म्हणते."

मी मोठ्या नम्रपणे मान खाली घातली. जपानशी माझं रोजचं बोलणं असल्यासारखी.

"रस्ता पण नवीन," एजंट सांगत होता. "दोन्ही बाजूंनी उंच उंच बिल्डिंगा, लाइटिंग. ते डोंगर, ते जुनं घर, सगळं काढून टाकलं. पब्लिकला कंटाळा येतो."

काकाजींची टाळी तशीच राहिली. हात एकमेकांवर ठेवूनच ते खाली बसले.

"घर काढलं?"

"हो ना. काय कामाचं होतं?"

"मंग हॉर्न कोणासाठी?" काकाजी म्हणाले.

एजंट हसला. मीही हसले. काकाजी हसले नाहीत.

एजंट आणि हे बाहेर रसवंतीवर गेले तेव्हा काकाजी मशीनपाशी उभे राहून बोलू लागले. माझ्याशी की मशीनशी, ते कळत नव्हतं. सावनेरच्या अलीकडे एका वळणावर त्यांचं घर होतं. अगदी रस्त्याला लागून. रोज संध्याकाळी त्यांची गाडी दारावरून जायची, पण तिथे स्टॉप नव्हता. स्वतःच्या दारात गाडी थांबवली असती तर पॅसेंजर काय म्हणाले असते?

"म्हून मी वळणावर हॉर्न मारो. दोनदा. ते ओसरीवर येऊन उभी राहे. कधी पिठाचे हात, कधी पोरगं कडेवर. मी पाहो, ते पाहे. झालं. संसार असाच झाला आमचा, चालत्या गाडीतून."

उपरण्यानं त्यांनी स्टिअरिंग पुसलं.

"एक दिवस हॉर्न मारला तं आली नाही. म्या म्हटलं, भाकरी थापत असन. गाडी फुल होती. वापस येतावरी... तवा दोन मिनिटं थांबलो असतो, तं निदान भेट झाली असती. येथी रोज पाहतो थांबून. कंपनी थांबूच देत नाही."

गॉगल मी कधी काढून ठेवला, मला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र मला येत होती. मशीन बिघडलं की मेकॅनिक मागचं झाकण उघडून आतला काडीएवढा एक खटका दाबून धरायचा. चित्र जागच्या जागी थांबायचं आणि तो निवांत रंग तपासायचा. पाहून पाहून मी ते शिकले होते आणि स्वतःला अर्धी इंजिनिअर समजत होते. त्या अर्ध्या इंजिनिअरकीचा काही उपयोग झाला असेल, तर त्याच दुपारी.

"बसा काकाजी," मी म्हटलं. टोकन मीच टाकलं. घंटी उचलून मशीनच्या मागे जाऊन बसले, झाकण उघडलं आणि डबल बेल दिली.

समोरच्या भिंतीवर ह्यांचा दाढीचा आरसा टांगलेला असायचा, त्यात मला पडदा दिसत होता. डोंगर आला. उतार आला. काकाजींचा उजवा हात बाहेर आला, गोल फिरला. वळण. लाल कौलं, ओसरी, पिवळी खिडकी.

मी खटका दाबला. आणि एक बेल दिली. टण.

रस्ता थांबला. घड्याळ थांबलं. घर समोर तसंच उभं राहिलं. काकाजींनी काही क्षण स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, मग सोडलं. मग तोंडानंच, अगदी हळू आवाजात, त्यांनी हॉर्न दिला. पों-पों.

कूलर घरघरत होता. आरशात त्यांचं उपरणं तेवढं दिसत होतं, ओसरीकडे जरा कललेलं. खटका बारीक होता, माझं बोट दुखायला लागलं.

बऱ्याच वेळानं ते खाकरले.

"चाल सूनबाई, दे डबल बेल. पॅसिंजर खोळंबले असतीन."

घंटी माझ्या मांडीवर होती. मी ती पदराखाली घेतली.

"गाडी रिकामी आहे काकाजी," मी म्हटलं. "बसा."