स्टुलावरचा ताबा

माणूस गेल्यावर घरात त्याची जी पोकळी राहते, ती एकाच जागी विनाहरकत एक तप बसून राहिली तर त्या जागेची मालक होते, असा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं वैशाखात दिला. निकाल दोन विरुद्ध एक असा होता.

वर्तमानपत्रांनी तो आतल्या पानावर, सोयाबीनच्या भावाशेजारी छापला. लोकांना फारसं नवल वाटलं नाही. ज्यांच्या घरात पोकळी होती त्यांना ती कुठे बसते हे आधीच ठाऊक होतं. आता उताऱ्यावर तिचं नाव लागणार, एवढाच फरक.

निकालपत्र मात्र अभ्यासण्यासारखं होतं. प्रतिकूल ताब्याचा जुना कायदा न्यायालयानं जसाच्या तसा लावला होता. ताबा उघड हवा, सलग हवा आणि मालकाच्या मर्जीविरुद्ध हवा. पोकळी घरातल्या सगळ्यांना जाणवते, म्हणून ताबा उघड. कुणाचंही जाणं घरच्यांच्या मर्जीनं होत नाही, म्हणून मर्जीविरुद्ध. सलगपणासाठी अट एवढीच, की मधल्या काळात पोकळी बोटभरही हललेली नसावी. हक्क सिद्ध झाला की बसायच्या जागेसोबत ती खोलीही पोकळीची. पोकळी टिकाऊ असते का, या प्रश्नावर न्यायालयानं शोकसभांचे ठराव पुरावा म्हणून घेतले होते. त्या सगळ्यांत ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ असं एकमतानं नमूद केलेलं होतं, आणि एकमतानं झालेल्या ठरावाकडे दुर्लक्ष करता येत नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं होतं.

नागपूरच्या एका विधी अभ्यासमंडळानं ज्येष्ठातल्या बैठकीला हा निकाल घेतला. बैठक आळीपाळीनं सभासदांच्या घरी भरे, आणि या वेळची पाळी शरयू मुळावकरांची होती. शरयूताई महाविद्यालयात मालमत्तेचा कायदा शिकवत. पाळी बदलून मागितली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण कारण विचारलं असतं.

कारण स्वयंपाकघरात होतं. फ्रिज आणि ओटा यांच्या मध्ये एक लाकडी स्टूल होतं. त्यावर त्यांचे यजमान पद्माकरराव बसत. ते पाटबंधारे खात्यात होते, कायद्याशी त्यांचा संबंध नव्हता. पण शरयूताई भाजी फोडणीला टाकत तेव्हा ते नवे निकाल मोठ्यानं वाचून दाखवत आणि प्रत्येक परिच्छेदानंतर ‘हे काही पटत नाही बुवा’ म्हणत. स्टुलामुळे फ्रिजचं दार अर्धंच उघडे. शरयूताई ‘सरका जरा’ म्हणत, ते बसल्या बसल्या स्टुलासकट सरकत, आणि स्टुलाचा एक पाय फरशीवर करकरे. ते गेले तेव्हापासून त्या जागी त्यांची पोकळी बसत होती. ती काही सरकत नसे. दार अर्धंच उघडायचं, आणि खालचा भाजीचा ट्रे इतक्या वर्षांत एकदाही बाहेर निघाला नव्हता.

येत्या रविवारी तप पुरं होत होतं.

मुलगा निषाद बंगळुरूहून मागे लागला होता. ‘आई, तो फ्लॅट विकून टाक आणि इकडे ये.’ गिऱ्हाईकही त्यानंच बघून ठेवलं होतं. ‘रविवारनंतर बोलू,’ असं शरयूताईंनी त्याला सांगितलं होतं. रविवारनंतर स्वयंपाकघर पोकळीच्या नावावर होणार होतं, आणि स्वयंपाकघराशिवायचा फ्लॅट कोण घेतो? मग ते स्टूल तिथून कुणाच्या बापाला उचलता आलं नसतं. तोवर त्यावर कुणी बसायला नको होतं, आणि कुणी काही विचारायलाही नको होतं.

शनिवारी दुपारी चहाच्या वेळेला मंडळी आली. अध्यक्ष वैरागडे सर, ज्यांच्या हाताखाली शरयूताई शिकल्या होत्या. पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या डॉ. फिरदोस कुरेशी. आणि प्रा. अकर्ते, जे फौजदारी शिकवत आणि मधूनमधून कोर्टातही उभे राहत.

मंडळाची एक रीत होती. ज्या पक्षाला स्वतः बोलता येत नाही, त्याच्या वतीनं एका सभासदानं बोलायचं, आणि तो चिठ्ठीनं ठरवायचा. वाटीतून चिठ्ठी काढून फिरदोसनं ती उलगडली.

“मला पोकळी आली.”

“फी विसरा म्हणजे,” अकर्ते म्हणाले. “तुमचा पक्षकार काही देणार नाही.”

“तुमचे कुठे देतात, अकर्ते? सगळे आत आहेत.”

सर हसले आणि त्यांनी चर्चा सुरू केली. अकर्त्यांना निकाल मुळीच मान्य नव्हता.

“आमच्या अचलपूरच्या घरी खोलीगणिक पोकळी आहे, बाप्पा. आजी माजघरात, काका ओसरीवर, आत्या तर थेट न्हाणीत. उद्या सगळ्या मालक झाल्या तर जित्या माणसानं राहायचं कुठं?”

“म्हणूनच ‘विनाहरकत’ हा शब्द आहे,” सर म्हणाले. “मुदतीच्या आत हरकत घ्या.”

“आजीवर हरकत? ती होती तेव्हा कोणाची हिंमत नाही झाली, सर.”

मग सरांनी अल्पमताचं निकालपत्र उघडलं. तिसऱ्या न्यायमूर्तींचं म्हणणं असं, की घरच्यांनी पोकळीला बसायची परवानगी दिलेली असू शकते. ती कागदावर असायला हवी असं नाही. रोजच्या वागण्यातूनही दिसते. आणि परवानगीनं बसलेला कधी मालक होत नाही. बहुमतानं यावर ‘हा मुद्दा आमच्यापुढे नव्हता’ एवढंच लिहून तो खुला सोडला होता. न्यायालयानं खुल्या सोडलेल्या मुद्द्यावर, पुढचा निकाल येईपर्यंत, अभ्यासमंडळाचं मत चालतं, अशी वहिवाट होती.

“शरयू, तू आज गप्प का?” सरांनी विचारलं. “तुझाच विषय आहे.”

“चहा टाकते, सर,” म्हणून शरयूताई उठल्या.

त्यांनी दूध गॅसवर ठेवलं. अकर्त्यांना चर्चा अर्ध्यावर टाकवत नसे, म्हणून तेही बोलत बोलत मागोमाग स्वयंपाकघरात आले. “मॅडम, मले सांगा, मर्जी म्हणजे तरी काय? हा गुडघा माझ्या मर्जीविरुद्ध दुखून राहिला, तर काय तो माझा मालक झाला?” असं म्हणत त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि स्टुलाकडे पाठ केली. “बसतो जी जरासा.”

“बसू नका!”

शरयूताईंच्या हातातला चमचा खाली पडला. अकर्ते होते तसेच, अर्धवट वाकलेले थांबले. हॉलमधून फिरदोस आणि त्यांच्यामागे काठी टेकत सर आले. सरांनी स्टूल पाहिलं, फ्रिज पाहिला, मग शरयूताईंकडे पाहिलं.

“पद्माकरला जाऊन किती वर्षं झाली?”

“उद्या तप पुरं होतं, सर.”

“आणि तू हितसंबंध जाहीर केला नाहीस.”

“नाही केला.”

अकर्ते हळूच सरळ झाले. वळून त्यांनी स्टुलाला हात जोडले. “माफ करा, भाऊसाहेब. बोलण्याच्या नादात ध्यानातच नाही आलं.”

सरांनी बैठक स्वयंपाकघरात हलवली. हॉलमधून खुर्च्या आणल्या गेल्या. नियमाप्रमाणे शरयूताईंना आता अभ्यासक म्हणून बोलता येत नव्हतं. पक्षकार म्हणून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. त्यांना काय हवं आहे हे सरांनी आधी विचारलं, आणि त्यांनी ते सांगितलं: पोकळीला मालकी मिळावी.

“म्हणजे मालकीण हरायला बसली, अन् समोरचा बोलत नाही,” अकर्ते म्हणाले. “असा खटला जन्मात नाही पाहिला.”

“तुम्ही घटस्फोटाच्या कोर्टात जात नाही,” फिरदोस म्हणाल्या आणि पदर सावरून उभ्या राहिल्या. “शरयूताई, पोकळी इथे बसली तेव्हा तुमची परवानगी घेतली होती?”

“मला कुणीच काही विचारलं नाही.”

“म्हणजे मर्जीविरुद्ध.”

“पूर्ण.”

“ती कधी हलली?”

“बोटभरसुद्धा नाही.”

“तुम्ही कधी हरकत घेतलीत?”

“नाही.”

“एवढ्या वर्षांत तिच्याशी एक शब्दही बोलला नाहीत?”

शरयूताईंना खोटं बोलण्याची सवय नव्हती, आणि ती आज लावून घ्यावी असं वाटेना.

“फ्रिज उघडताना बोलते.”

“काय बोलता?”

“‘सरका जरा’ म्हणते.”

“केव्हा?”

“रोजच.”

दूध उतू जायला आलं. अकर्त्यांनी हात लांबवून गॅस बंद केला, आणि मग एकदम म्हणाले, “झालं की! हीच हरकत. रोजची हरकत. ताबा तुटला.”

“हरकत कशी?” फिरदोस त्यांच्याकडे वळल्या. “हरकत म्हणजे ‘ऊठ’, ‘चालता हो’. सरका म्हणजे ऊठ नव्हे. घरात घुसलेल्या माणसाला तुम्ही ‘सरका जरा’ म्हणाल?”

“एस्टीत म्हणतो ना अनोळखी माणसाले.”

“एस्टीत त्याचंही तिकीट असतं!”

हे बोलून झाल्यावर फिरदोसनं जीभ चावली. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

सरांनी दोन्ही हात काठीवर ठेवले. “बरोबर. बसायचा हक्क मान्य असतो, तेव्हाच माणूस ‘सरका’ म्हणतो. म्हणजे परवानगी होती. पहिल्या दिवसापासून होती.”

“या अल्ला,” फिरदोस म्हणाल्या, “मी माझ्याच पक्षकाराचा खटला घालवला.”

“नव्हती परवानगी,” शरयूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त त्या ओट्याची कड धरून उभ्या होत्या. “सर, मी कधीच मान्य केलेलं नाही. एक दिवसही नाही.”

“तो गेला, हे तू मान्य केलं नाहीस. तो इथे बसलाय, हे केलंस. खटला बसण्याचा आहे, शरयू.”



“मग मालकी नाही,” शरयूताई म्हणाल्या.

“नाही.”

“मग निषाद फ्लॅट विकेल. नवी माणसं येतील. स्टूल काढून टाकतील.”

“आणि मालकी मिळाली असती तर?” सरांनी विचारलं. “तुला शिकवायला नको. मालक जागेला बांधलेला असतो. आज ना उद्या गुडघे म्हणतील तेव्हा तू जाशीलच मुलाकडे. मग हा इथे एकटा, दार बंद करून. परवानगीनं राहणारा जागेचा कुणी नसतो. ज्यानं परवानगी दिली त्याचा असतो. घरचं माणूस बिऱ्हाडाबरोबर जातं.”

शरयूताईंनी स्टुलाकडे पाहिलं. पोकळी नेहमीसारखीच, जराशी फ्रिजकडे कलून बसली होती.

“बंगळुरूला यांना करमायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“तो प्रश्न मंडळापुढे नाही,” सर म्हणाले.

ठराव झाला: ‘सरका जरा’ हे शब्द नेहमी आणि रागावाचून उच्चारले गेले असतील, तर पोकळीचा ताबा परवानगीचा समजावा. अकर्त्यांनी अनुमोदन दिलं. फिरदोसनं पोकळीच्या वतीनं विरोध नोंदवला, कारण तो नोंदवायचा असतो. मग चहा झाला. अकर्त्यांनी तो उभ्यानंच घेतला. खुर्ची असूनही त्यांना बसायला संकोच वाटत होता.

निघताना फिरदोसनं शरयूताईंचा हात हातात घेतला. “मनाला लावून घेऊ नका. उलटतपासणीत होतं असं.” सर जिना उतरून खाली पोचल्यावर ‘लाइट लाव गं जिन्यातला’ एवढं ओरडले. अकर्ते मात्र चपला घालून पुन्हा आत डोकावले.

“येतो, मॅडम. येतो, भाऊसाहेब.”

दार लावून शरयूताई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी कप विसळून ओट्यावर उपडे घातले, चमचा उचलला, फरशी पुसली. उरलेलं दूध घेऊन त्या फ्रिजपाशी गेल्या आणि सवयीनं म्हणाल्या, “सरका जरा.”

स्टुलाचा पाय फरशीवर करकरला.

ताबा सिद्ध करायचा नसल्यामुळे आता जागा धरून बसण्याचं काही कारण उरलं नव्हतं. फ्रिजचं दार भिंतीपर्यंत उघडलं. शरयूताईंनी दूध आत ठेवलं. मग खाली बसून त्यांनी भाजीचा ट्रे दोन्ही हातांनी ओढला. तो कुरकुरत, पण सबंध बाहेर आला. तळाशी कढीपत्त्याची वाळकी काडी होती आणि सुपारीएवढं झालेलं एक लिंबू.

ट्रे त्यांनी नळाखाली घासून धुतला. तो चांगलाच मोठा होता आणि ओट्यावर कप होते. ठेवायला जागा नव्हती.

“धरा जरा,” म्हणून त्यांनी तो स्टुलाकडे दिला, आणि फडकं आणायला गॅलरीत गेल्या.