ठवकर सरांचे कागदी डोंगर

भर मे महिन्यात नागपुरात पंखा बंद करून बसणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर ठवकर सर.

"बंद कर गा तो! डोंगर उडून राहिले!"

डोंगर कागदाचे. सर प्रयोगशाळेत कोळसा तपासत. कोळशाची पूड बंगलोरला जायची. तिथे ती मोठ्या चुंबकात गरगर फिरवत आणि तिच्यातल्या कार्बनचा आलेख टपालाने परत यायचा. त्यावर दोन डोंगर; उजवीकडचा धूर ओकणाऱ्या भागाचा. कुठला केवढा? सर आलेखाची झेरॉक्स काढत, नखं कापायच्या कात्रीने डोंगर कापत आणि नाजूक तराजूत तोलत! ज्याचा कागद जड, त्याचा वाटा मोठा.

"सर, याला कॉम्प्युटर असतो."

"असते ना. दिल्लीले असते. कात्री इथं आहे."

मी वाडीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो आणि पत्रकं काढायचो. आमच्या वस्तीच्या माथी मारलेल्या शेगडीच्या कोळशाने बायकांचे डोळे लाल झाले होते आणि तो पुरवणारा ठेकेदार म्हणत होता, उत्तम माल! मला रविवारच्या सभेआधी धुराचा आकडा हवा होता. सरांनी तो कोळसाही तपासायला पाठवला. आलेख आला. डोंगरांच्या पायाची रेघ आखताना मी पट्टीचं टोक धरलं.

"रेघ उजवीकडे जरा खाली घ्या ना, सर. धूर वाढेल."

"काहून? कोळसा तुह्या पक्षात आहे का बे?"

मग सरांच्या खोलीत तोलणं सुरू झालं. एकदा घरमालकाच्या कूलरने कागद ओलावला. एकदा शेंडाच जास्त कापला गेला. रोज संध्याकाळी तेच: "उद्या ये गा, अजून एकदा तोलू." वस्ती धुरात खोकतेय आणि हे गृहस्थ कागदाचे लाड करतायत! माझं डोकं तापलं.

शनिवारी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमचा आकडा? तो तर पहिल्याच दिवशी पक्का होऊन आमच्या नोंदवहीत चढला!"

मी तणतणत गेलो. सर स्टोव्हवर पिठलं हाटत होते, दोघांना पुरेल एवढं.

"आकडा झालाय, सर. लपवला कशाला?"

सरांनी आकडा सांगितला. तोंडपाठ होता. ठेकेदाराची बोलती बंद करणारा होता.

"आज देणारच होतो," ते पिठल्याकडे बघत म्हणाले. "पहिल्या दिवशी देल्ला असता, तं तू आला असता का गा मंग?"

छापखाना अजून तासभर उघडा होता. मी चपला काढल्या आणि ताटं कुठे आहेत ते विचारलं. एक मांडणीवर होतं. दुसरं सरांनी ट्रंकेच्या तळातून काढलं आणि बराच वेळ धूत राहिले.