वाजवी मागणी

धंतोलीतले आमचे शेजारी गोविंदराव आधी मोर्चात शिरायचे आणि मग मागणी विचारायचे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरलं, की गावोगावचे मोर्चे यायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले गोविंदराव मफलर गुंडाळून रस्त्यावर हजर! दहा-वीस घोषणा देऊन झाल्या की शेजारच्याला हळूच विचारायचे, "काहून निघाला गा मोर्चा?"

एकदा सकाळी भाडेकरूंच्या मोर्चात होते, दुपारी घरमालकांच्या. मी छेडलं, "काकाजी, खरं कोणाचं?"

"दोघायचं बी. मागनी वाजवीच असते. उगाच कोन एवढ्या दूर पायी येते?"

अडवणारा हवालदारही विचारायचा, "काकाजी, आज कोणाकडून?"

एका वर्षी कुहीकडच्या खेड्यातून अकरा माणसांचा मोर्चा आला. पुढे शिक्षकांचा हजारोंचा लोंढा. या अकरांकडे कोण बघतो? मी ऑफिसातून परतताना तिथेच थांबलो होतो. काकाजींनी सवयीने एका म्हातारीला विचारलं, "काहून निघाला वं मोर्चा?"

"नाल्यावर पूल पाह्यजे, बापा. पूर होता. बाळंतपनासाठी सुनेले खाटेवर घेऊन काठाशी बसलो. तेथंच गेली माही सून."

काकाजींचा घोषणेसाठी वर गेलेला हात खाली आला.

मग ते गर्दी रेटत शिक्षकांच्या पुढाऱ्यापर्यंत पोचले. हात जोडून म्हणाले, "गुरुजी, तुमी मंत्र्याले भेटून राहिले, तं या बाईले बी संगं न्या. दोन मिनिटं बोलू द्या तिले." पुढाऱ्याने नेलं. मंत्र्यांनी अर्ज घेतला. पूल व्हायला तीन पावसाळे लागले, पण झाला.

त्या संध्याकाळी मात्र एस्टी चुकली होती. काकाजींनी अकराही जणांना घरी आणलं. काकी जाऊन सहा वर्षं झाली होती. चुलीपाशी काकाजी एकटेच. त्या दिवशी बायांनी त्यांना स्वयंपाकघरातून हाकललं आणि भाकरी थापल्या. पंगतीत काकाजींचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता, "वाढा गा, लाजू नका!"

पहाटेच्या गाडीने मंडळी गेली. जाण्याआधी म्हातारीने अंगणात सडा टाकला, काकी गेल्यापासून कोऱ्या राहिलेल्या दारापुढे रांगोळी काढली.

पुढचे चार दिवस काकाजी मागच्या दाराने ये-जा करत होते. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "पुढचं दार अटकून राहिलं गा."

दार सताड उघडं होतं.